बटणचा खोकला

गल्लीत त्यांना सगळे चेनवाल्या मावशी म्हणतात. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन आहे. बॅगांच्या, जॅकेटांच्या, पँटींच्या बिघडलेल्या चेनी बदलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

त्यांची लेक सात तासांवरच्या शहरात नोकरी करते. पूर्वी तिचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा. "जेवलीस? बाबा बरे आहेत ना? ठेवते." एवढंच. मग तिच्या घरमालकानं कुत्रा चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि दीड वर्षापूर्वी तिचा कुत्रा बटण मावशींकडे राहायला आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन. तो बटणसाठी असायचा. मावशींनी फक्त त्याच्या कानाशी धरायचा. पण धरता धरता चार शब्द त्यांच्याही वाट्याला यायचे.

आता लेकीला कुत्रा चालेल असं घर मिळालं होतं. मैत्रिणीबरोबर राहणार होती, मैत्रिणीचाही एक म्हातारा कुत्रा होता. महिनाअखेरीला ती बटणला घेऊन जाणार होती. तेवढ्यात मावशींच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून बटणला चार दिवस कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवलं. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी तो खोकायला लागला.

खोकला साधा नव्हता. मान ताणायचा, बदकासारखा आवाज काढायचा आणि शेवटी उलटी येतेय असं वाटून नुसता पांढरा फेस. मावशींना वाटलं, याच्या घशात बटणच अडकलं. त्यांनी त्याचा जबडा उघडून आत बॅटरी मारली, मग डब्यातली बटणं जमिनीवर ओतून कुठलं कमी आहे ते शोधत बसल्या.

जनावरांच्या डॉक्टरीण बाई हसल्या. "मावशी, बटण नाही हो. हा संसर्गाचा खोकला आहे. बरेच कुत्रे एकत्र ठेवले की एकाचा दुसऱ्याला लागतो. दोन-तीन आठवड्यांत जाईल. जेवला नाही, ताप आला, धाप लागली तर लगेच आणा. दुसऱ्या कुत्र्यांजवळ न्यायचं नाही. आणि गळ्यातला पट्टा काढा. गळा दाबला की उबळ येते. छातीवरून बांधतात तो पट्टा घ्या."

मावशींनी छातीचा पट्टा विकत घेतला नाही, जुन्या बॅगेच्या पट्ट्यांचा घरीच शिवला. गळ्यातला खुंटीवर गेला.

आता लेकीचा फोन सकाळी आणि संध्याकाळी यायला लागला. काय खाल्लं? किती वेळा खोकला? न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून बसवलंस का? बटणचं बोलून झालं तरी ती ठेवायची नाही. ऑफिसातली बाई कशी पाण्यात पाहते, पाठ कशी दुखते, एका मुलाशी जमत होतं ते कसं फिसकटलं. हे शेवटचं सांगताना ती रडली. शिवायचं काम मांडीवर तसंच टाकून मावशी ऐकत राहिल्या. कितीतरी वर्षांत ती असं बोलली नव्हती.

"मी खोकलो तर एकदासुद्धा फोन येत नाही," काका म्हणाले.

"तुम्ही आधी बदकासारखे खोका," मावशी म्हणाल्या.

बाराव्या दिवशी बटण खोकला नाही. तेराव्यालाही नाही. डॉक्टरीण बाईंनी खोकला थांबल्यावरही दुसऱ्या कुत्र्याजवळ न्यायला अजून आठवडाभर थांबायला सांगितलं होतं, म्हणजे बटण जायचे दिवस आता मोजता येत होते. सातला फोन आला.

"खोकला?"

"आहे थोडा," मावशी म्हणाल्या.

चार दिवस त्या तेच म्हणत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "आई, इतके दिवस कसा राहतो गं? व्हिडिओ काढून पाठव, इथल्या डॉक्टरांना दाखवते."

मावशींनी खुंटीवरचा पट्टा काढला आणि बटणच्या गळ्यात बांधला. फिरायला जायचं म्हणून तो शेपूट हलवायला लागला. एका हातात फोन धरून त्यांनी दुसऱ्या हातानं पट्टा ओढला. बटण खोकला. खोकून झाल्यावर त्यानं वर पाहिलं, शेपूट तशीच हलत होती.

"परत घे," दारातून काका म्हणाले. "नीट नाही आला."

मावशींच्या हातून पट्टा सुटला. त्यांनी खाली बसून बटणच्या गळ्यावरून हात फिरवला, फिरवतच राहिल्या. मग व्हिडिओ पुसून टाकला आणि लेकीला फोन लावला.

"बरा झालाय तो. पाच दिवस झाले."

"पाच? मग काल तू..." लेक थांबली. "आई, का गं?"

"तू बोलत होतीस ना," मावशी म्हणाल्या.

मग, "रविवारी येते," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

रविवारी ती आली, जेवली. आईशी हसून बोलली, पण त्या फोनबद्दल चकार शब्द काढला नाही. निघताना आईला मिठी मारली. गाडी वळेपर्यंत बटण मागच्या काचेतून पाहत होता. लेकीला समोरचा रस्ता पाहायचा होता.

सोमवारी मावशींनी सातच्या आधीच मशीन बंद केलं. साडेसात झाले. आठ वाजले. काकांनी टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला.

सव्वाआठला नुसता एक फोटो आला, सोबत शब्द नव्हता. बटण आणि म्हातारा कुत्रा एका सतरंजीवर पाठीला पाठ लावून झोपले होते. मावशींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि कुत्र्यांवरून पुढे सरकवत नेला. खुर्चीवर कपड्यांचा ढीग. जमिनीवर चहाचा कप, त्याच्याजवळ मोज्यातलं एक पाऊल. मागे खिडकीचा पडदा, फरशीवर लोळणारा. चांगला चार बोटं लांब होता.

"अहो, तिचा पडदा लांब झालाय," त्या म्हणाल्या.

"मग सांग की तिला," काका म्हणाले.

मावशींनी फोन लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. चार बोटं दुमडायची, म्हणजे काढून पाठवायला लागेल. नाहीतर आपणच जाऊन तिथल्या तिथे हातशिलाई घालायची. काय म्हणायचं ते त्या मनात जुळवत होत्या. घंटी अजून वाजत होती.