साहेबाच्या देशातली ओली ताटली

दोन हजार तेवीस साल, आणि माझं वय सत्त्याहत्तर. शाळा दुसरीपर्यंत. पण आपली नात इंग्लंडात नर्स आहे हे शिरूरच्या बाजारात आणि दौंडच्या स्टेशनात मी कुणी न विचारता सांगत असे. साहेबाच्या देशात कुणी उपाशी असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमचा पोरगा कोरेगाव भीमाला ज्या मशीनवर उभा राहतो, ते मशीनसुद्धा तिकडचंच.

पितृपंधरवडा चालू होता. दुसऱ्या दिवशी माझ्या वडलांचा म्हाळ. सून वड्याचं पीठ बघत होती, तेवढ्यात नातीचा फोन आला. एरवी चेहरा दिसला की हसते. त्या संध्याकाळी हसली नाही.

"आबा, मी ज्यांच्या पायाची जखम बांधायला जाते ना, ते तुमच्याच वयाचे आहेत. एकटेच राहतात. आज त्यांचा फ्रीज उघडला, तर आत नुसती दुधाची बाटली."

"बाजारचा दिवस नसंल."

"रोज तसाच असतो. घरात कोट घालून बसतात. हीटर लावला तर खायला पुरत नाही."

"तुला नेमकं कुठं नेऊन टाकलंय? आपण इंग्लंडला धाडली हुती."

"इंग्लंडच आहे हो. जन्मभर लोखंडाच्या कारखान्यात होते ते."

"मग दारू पीत आसंल."

"नाही."

"जुगार?"

"नाही, आबा. एक मुलगी आहे, लांब असते. तिचंच भागत नाही."

मी तिला खोटी पाडायला निघालो होतो. मग तिनं सांगितलं, "कधीही विचारलं की म्हणतात, आत्ताच जेवलो. बेसिनशेजारी एक ओली ताटली असते. आज मी जरा लवकर पोचले. तर ते कोरडी ताटली नळाखाली धरून ओली करत होते."

बहात्तरच्या दुष्काळात घरात चूल पेटलेली नसायची. तरी आमचे वडील अंगणात यायचे आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशी खळखळून चूळ भरायचे. जेवून उठल्यासारखी. आमच्याकडे त्या साली पाऊस नव्हता. त्या म्हाताऱ्याच्या देशात काय नव्हतं? हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

"परवा डबा नेला, तर रागावले," नात म्हणाली. "पोटात काही नसलं तर जखम भरायची नाही. पाय जाईल त्यांचा. आबा, तुम्ही घेतला असता का डबा?"

"जीव गेला तरी न्हाई."

"मग मी करू काय?"

सून मागून बोलली, "हट्टी माणसाचा इलाज हट्टी माणसालाच विचारतीय."

मी म्हणालो, "उद्या तुला सुट्टी हाय ना? त्याला सांग, माझ्या पणजोबाचा म्हाळ हाय. त्यांच्या नावानं एक वडीलधारं माणूस जेवायला बसवावं लागतं, आन् मला हितं कुणी मिळंना. ते बसले तर उपकार त्यांचे आपल्यावर."

"खोटं सांगू?"

"खोटं कसं? हितलं पितराचं पान मी मांडत न्हाई. यंदा म्हाळ तुझ्याकडं."

सकाळी उठलो तर सुनेनं फोनवर आलेला नातीचा निरोप वाचून दाखवला. येतो म्हणाले होते. टाय बांधावा लागतो का, असं विचारत होते.

मी अंघोळ केली आणि चुलतभावाकडं गेलो. आमच्या वडलांच्या नावानं दर वर्षी तोच बसतो. धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर तयारच होता.

"यंदा येऊ नगंस," मी म्हणालो. "पितर दुसरा बसवलाय."

"कोण? माझ्यापरीस थोरला हाय का?"

"साहेब हाय. इंग्लंडातला."

"येडा झालास व्हय? साहेब कशाला येतोय तुझ्या वड्यांना? त्याला काय खायला कमी हाय?"

"मोठ्या मनानं व्हय म्हणलाय," एवढंच बोललो आणि घरी आलो.