विरघळणारी परांची

चिखलोलीच्या आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावरचे काका नव्या टॉवरांना बांबूची परांची बांधतात. काहीही हलवून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. सोसायटीच्या मीटिंगला त्यांनी चेअरमनची खुर्ची हलवून बघितली, चेअरमन तिच्यात बसलेले असताना.

एकदा त्यांनी माझ्या रिसर्चचं विचारलं. मी डबीतला नमुना दाखवला. "हाडात मोठी खाच पडली की तिथं ही बारीक धाग्यांची जाळी बसवायची. हिच्या आधारानं नवीन हाड वाढतं. परांचीच समजा."

"काम झाल्यावर हिच्या दोऱ्या सोडतं कोण?"

"कुणीच नाही. आपोआप विरघळते."

काकांनी नमुना चिमटीत धरून हलवला. तो फाटला.

"आणि माणूस वर असतानाच विरघळली तर?"

माझी पीएचडी दोन वर्षं नेमकी तिथंच अडकली आहे. नवीन हाड धरायच्या आत जाळी विरघळून संपते. हे मी कबूल केलं, ती चूक झाली. आता रोज सकाळी ते गेटवर हाडाची चौकशी करतात.

"काय गं, उतरला का माणूस?"

"नाही काका, अजून वरच आहे."

"मग दोरीला हात लावू नकोस."