निरोगी बायका पाहिजेत

रक्त काढताना बायका सुईकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात आणि बोलायला लागतात. त्यामुळे ट्यूब लॅबमध्ये जातात, किस्से माझ्याकडे राहतात!

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या हॉस्पिटलात एक ट्रायल चालली होती. निरोगी बायकांना ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं द्यायची आणि पाळीच्या हार्मोन्समध्ये काही फरक पडतो का, ते रक्त तपासून बघायचं. मी रक्त काढणारी सिस्टर.

*

पहिल्याच दिवशी जुळे सोलापुरातलं एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "कुठं सही करू?"

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सही यांची लागते. शरीर यांचं आहे."

"पण बायको माझी हाय की!"

तो तिला घेऊन तरातरा निघाला. ती दारातून परत आली, सहीसाठी हातात घेतलेलं पेन टेबलावर ठेवलं आणि गेली.

*

एक आई तेवीस वर्षांच्या लेकीला घेऊन आली. "ग्रोथचं इंजेक्शन म्हणजे उंची वाढतीय ना? दोन इंच पुरे. रविवारी पाहुणे बघायला येणारेत!"

मॅडमनी समजावलं, या वयात उंची वाढत नाही.

लेक हळूच म्हणाली, "मग आई, रोज दाराला लटकायचं बंद करू?"

*

एका सुनेला मी पाळीची तारीख विचारली. उत्तर सासूनं दिलं. मागच्या आठ महिन्यांच्या तारखा, घडाघडा!

"आजी, एवढं पाठ?"

"दर महिन्याला मलाच रडायला येतंय की!"

*

ट्रायलमध्ये मीही नाव दिलं. सात वर्षं लोकांचं रक्त काढतेय, माझं पहिल्यांदा तपासलं. हिमोग्लोबिन सात! नाव कटलं.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही चालता तरी कशा?"

म्हटलं, "ड्यूटी लागते म्हणून!"

*

जेऊरची सुनंदा. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. तिनं पहिला रिपोर्ट माझ्यापुढं धरला.

"वाचा की."

"सगळं नॉर्मल आहे."

"म्हंजे माझ्यात खोट न्हाय?"

"हार्मोन्समध्ये तरी नाही. आता नवऱ्याला तपासायला आण."

"त्यो कुटला येतोय! त्यानं दिवाळीत दुसरी केली."

रिपोर्ट तिनं माझ्याकडून आणखी दोनदा वाचून घेतला. मग घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

दोन महिन्यांनी ती परत आली. मागं एक कोवळी पोर, हातभर हिरवा चुडा.

"ही कोण गं?"

"धाकटी. दिवाळीत आणली ती." सुनंदानं तिला खुर्चीत बसवलं, तिची बाही वर सारली. "हिचं बी रगत काढा, सिस्टर. आत्ताच कागूद करून ठिवा. दोन वर्सांनी हिला बी इचारत्याल."