पान बेचाळीसवरचा जिना

“मॅडम, ती नाटक करत नाही एवढं फक्त लिहून द्या. शाळेला लेखी हवंय.”

अर्चना जाधव खुर्चीत टेकायच्या आधीच बोलल्या. त्यांची मुलगी तन्वी, वय तेरा, आठवीतली, आत आली ती थेट माझ्या ट्रीटमेंट टेबलावर आडवी झाली. विचारलंसुद्धा नाही. मी तापलेच जरा. मी फिजिओथेरपिस्ट. तीस वर्षं हेच काम, त्यातली बारा कॉलेजात शिकवण्यात गेली. आता मुलुंडला घराजवळ छोटं क्लिनिक आहे, आणि माझ्या टेबलावर मी सांगितल्याशिवाय कोणी झोपत नाही.

“अगं, रिक्षातून उतरून वीस पावलं तर चालून आलीस ना?”

“हो,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “म्हणूनच.”

मायलेकी विक्रोळीहून आल्या होत्या. वर्षभरापूर्वी तन्वीला सणसणीत ताप आला. ताप गेला, थकवा काही गेला नाही. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. बरेच दवाखाने पालथे घातल्यावर लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी निदान लिहिलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. आपण दमतो, झोपतो, सकाळी ताजे होतो. या आजारात झोपूनही ताजं वाटत नाही. मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावावा आणि सकाळी वीस टक्केच दिसावा, तसं. हा आजार मुलांनाही होतो, आणि मुलांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. घाटकोपरच्या एका क्लिनिकमध्ये दर सोमवारी व्यायाम सुरू झाला. पाच आठवडे झाले होते. क्लिनिकच्या कागदावर प्रत्येक सोमवारपुढे ‘प्रोग्रेस गुड’. आणि आता ही पोरगी माझ्या टेबलावर डोळेसुद्धा उघडत नव्हती.

“शाळेचं काय म्हणणं आहे?”

“प्रिन्सिपल म्हणतात, तुमच्याच चार्टमध्ये नवव्या आठवड्यात पूर्ण दिवस शाळा लिहिलंय. क्लिनिकवाले चांगलं चाललंय म्हणतात, मग मुलगी का येत नाही? हजेरी भरली नाही तर वर्ष जाईल. वर्गात सगळे तिला ड्रामा क्वीन म्हणतात.”

“कुठला चार्ट?”

त्यांनी फाइल पुढे केली. तिसऱ्या पानावर झेरॉक्स होती. नऊ पायऱ्यांचा जिना. प्रत्येक पायरीवर व्यायाम थोडा थोडा वाढवलेला. सर्वात वर झेंडा घेतलेला काड्यांचा माणूस. त्याचा एक पाय लांब, एक आखूड.

तो लंगडा माणूस मी काढला होता. कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा मुलांसाठी हाताने लिहिलेल्या नोट्समध्ये. चित्रकलेत मी आधीपासूनच ढ.

खरं सांगायचं तर ते तिथे कबूल करायचा धीर झाला नाही. विचारलं एवढंच, “व्यायामाच्या दिवशी कशी असते ही?”

“बरी असते. आदल्या दोन दिवसांत मी तिला जागची हलू देत नाही ना. क्लिनिकला जायचं असतं.”

“आणि नंतर?”

त्यांनी मोबाइलमध्ये स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. लाल फुल्या होत्या. “ह्या तिच्या नाहीत हो, माझ्या रजा आहेत. तिला एकटीला ठेववत नाही तेव्हा मी ऑफिसला जात नाही. आता रजाही संपल्या.”

पहिल्या आठवड्यात एक फुली, बुधवारी. दुसऱ्यात मंगळवार, बुधवार. पाचव्या आठवड्यात मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत सलग चार. सोमवार मात्र सगळे कोरे. क्लिनिकने पाहिले होते ते फक्त सोमवार.

त्या गेल्यावर मी घाटकोपरला फोन लावला. तिथली फिजिओथेरपिस्ट नेहा माझीच विद्यार्थिनी. झापायचं ठरवूनच लावला होता.

“नेहा, पोरीची वाट लागलीय आणि तू प्रोग्रेस गुड लिहितेस?”

“मॅडम, पण चार्ट तर तुमचाच आहे! पान बेचाळीस. खाली लिहिलंय, ‘पेशंट कुरकुर करेल, लक्ष देऊ नये.’ मी अंडरलाइन केलंय ते.”

ते वाक्यही माझंच. मी ते कुठून घेतलं? आमच्या सरांच्या नोट्समधून. सरांनी कुठून घेतलं, देव जाणे. आमच्या अभ्यासक्रमात या आजाराला जेमतेम अर्धं पान होतं आणि असा एकही पेशंट न पाहता मी ते ठणकावून शिकवलं होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी वाचत बसलो, ती तिच्या क्लिनिकमध्ये, मी माझ्या. बाहेरच्या देशांतल्या नव्या गाइडलाइनमधून या आजारासाठी हा जिना केव्हाच काढून टाकलेला. व्यायाम असा चढवत नेला की कितीतरी पेशंट आणखी खाली जातात. आणि ही पडझड लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी येते. म्हणजे बुधवारी! मधल्या वर्षांत मी दोन-तीन कॉन्फरन्सही केल्या होत्या. जेवण उत्तम होतं, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी विक्रोळीला त्यांच्या घरी गेले. क्लिनिकला बोलावून तिची आणखी वीस पावलं खर्च करायची नव्हती.

“तो जिना मी काढलाय,” मी सांगून टाकलं. “माझं चुकलं. व्यायाम आजपासून बंद.”

अर्चनाताईंचा चेहरा बघवेना. “मी तिला ओढत नेत होते हो,” त्या म्हणाल्या. “रडायची, तरी नेत होते. तुम्हा लोकांवर विश्वास ठेवून.” आणि त्या खरंच चिडल्या. बरंच बोलल्या. मी ऐकून घेतलं, त्यांचा हक्कच होता.

तन्वी पलंगावरून म्हणाली, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?”

“नाही गं बाळा. एकदाही नाही.”

“मग हे शाळेत येऊन सांगाल?”

आता नाही कसं म्हणणार? नेहाला घेऊन गेले. तन्वीच्या डॉक्टरांनीही नवीन गाइडलाइन वाचून पत्र दिलं. प्रिन्सिपल बाईंनी ते पत्र बाजूला ठेवलं आणि चार्ट पुढे सरकवला. “पण हे तर लेखी आहे.”

“हो. आणि लिहिणारी मीच. चुकीचं आहे हे सांगायला आलेय.”

“मग तेव्हाचं खरं मानायचं की आताचं?”

“आताचं. उद्या हेही बदललं तर परत येऊन सांगेन.”

बाई हसल्याच एकदम. “चूक झाली सांगायला शाळेत येणाऱ्या तुम्ही पहिल्याच,” म्हणाल्या. हजेरीची अट त्यांनी सैल केली. आठवड्यातून दोन दिवस, दोनच तास. बाकीचा अभ्यास घरून.

आमचा नवीन प्लॅन साधा होता. दमायच्या आधी थांबायचं. बरं वाटलं तरी जास्त करायचं नाही, आणि हेच सगळ्यात अवघड. तन्वी दोनदा फसली, एकदा मैत्रिणीच्या वाढदिवसाला आणि एकदा उगाच कपाट आवरायला काढलं म्हणून. दोन्ही वेळेला कॅलेंडरवर फुल्या आल्या. पण हळूहळू त्या विरळ झाल्या. एक महिना असा आला की एकच फुली. अर्चनाताईंनी त्याचा फोटो मला पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘झकास!’ मी क्लिनिकमध्ये बसून रडले, चक्क.

ती पूर्ण बरी झालीय असं मी म्हणणार नाही. पण मध्ये विश्रांती घेत तिने परीक्षा दिली आणि नववीत गेली. ड्रामा क्वीन म्हणणाऱ्यांपैकीच एक आता तिची वही लिहून देते.

एक काम राहिलं होतं. कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मी ओळख न देता नोट्स मागितल्या. दुकानदार म्हणाला, “सावंत मॅडमच्या ना? घ्या. सगळ्यात जास्त त्याच जातात.”

अभिमान वाटायला हवा होता. मी आधी पान बेचाळीस उघडून पाहिलं, लंगडा माणूस तिथेच होता.

मी ओळख सांगितली आणि त्याच्या मास्टर कॉपीतून पान बेचाळीस काढून नवीन घातलं. चित्र या वेळी तन्वीने काढलंय. वेणी घातलेली मुलगी तिसऱ्या पायरीवर निवांत बसलीय, शेजारी पाण्याची बाटली. दोन्ही पाय सारखे. खाली वाक्य आहे, ‘पेशंट कुरकुर करेल. ऐका. दोन दिवसांनी फोन करून परत ऐका.’

परवा एका विद्यार्थ्याचा फोन आला. “मॅडम, ती बसलेली मुलगी पेपरात काढली तर मार्क मिळतील का?”

“माहीत नाही. तू काढ.”

बाकी धडा म्हणाल तर एवढाच. गोळ्यांच्या पाकिटावर एक्सपायरी डेट असते, नोट्सवर नसते. नवीन पानाच्या तळाशी मी तारीख घातलीय आणि पुढे लिहिलंय, ‘दोन वर्षांनी हे पान बरोबर आहे का ते मला विचारा.’ खाली माझा मोबाइल नंबर आहे.