टिकलीएवढा नेम

माझ्या नेमाची परीक्षा मी टिकलीवर घेत असे. खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा कापायचा, मधोमध कपाळाची मरून टिकली चिकटवायची, पुठ्ठा कुंपणापलीकडच्या घाफच्या झाडाला दोरीनं बांधायचा आणि गोठ्याच्या भिंतीशी येऊन बसायचं. तिथून ती टिकली नुसत्या डोळ्यांना दिसायचीसुद्धा नाही, रायफलच्या दुर्बिणीतूनच दिसायची. पन्नाशी ओलांडलेली, मुलाचं लग्न करून मोकळी झालेली बाई वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून स्वतःच्याच टिकलीवर नेम धरून बसलीय. आज हे चित्र आठवलं की तिला हाक मारावीशी वाटते : अगं ए, ऊठ, गुडघे धरतील.

आखातात मंदी आली त्याच्या पुढच्या वर्षातली ही गोष्ट. यांची बांधकाम कंपनी बंद पडली, व्हिसा रद्द झाला, आणि ऊद मेथातला आमचा इतक्या वर्षांचा फ्लॅट आम्ही सोडला. कधीकाळी यांनी अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका शेतावर पंप बसवून दिले होते. त्या शेताचा म्हातारा मालक म्हणाला, "मुहंदिस, इधर आ जाओ. पंप देखो, बकरी देखो. वीज़ा मैं करेगा, इन्शाल्ला." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. शेतावरची सगळी माणसं त्याला अरबाब म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. यांचा पासपोर्ट नव्या व्हिसासाठी गेला आणि आम्ही दोन खोल्यांत राहायला आलो.

बकऱ्या विण्याचे दिवस होते. एका सकाळी मी गोठ्यात गेले तर नुकतं जन्मलेलं करडू उभं राहायची धडपड करत होतं आणि त्याला दोन्ही डोळे नव्हते. वर तारेवर कावळे बसले होते, आपले नेहमीचे, राखाडी मानेचे.

अरबाब म्हणाला, "ये तुम्हारा इंडिया का कौवा है, मदाम. जहाज़ में बैठ के आया. बिना वीज़ा."

हे हसले, पण तोंड मिटून.

अरबाबकडे एअर रायफल होती. रायफल त्याची, परवाना त्याचा, पण त्याचे डोळे अधू झालेले. यांना तर सुईत दोरा ओवता येत नसे. तेव्हा मी पुढे झाले आणि म्हणाले, "मी कॉलेजात एनसीसीत होते. नेमबाजीचं पदक आहे माझं."

"अगं, ते पदक आपल्या लग्नाआधीचं आहे," हे म्हणाले. "आणि तो पुठ्ठा होता. उडून जात नव्हता."

"तुम्ही पंप बघा," मी म्हटलं.

केवढी मिजास! पहिल्याच दिवशी अरबाबला शेजारी खुर्चीत बसवून मी कावळ्यावर गोळी झाडली. छर्रा कावळ्याला लागला, पण पंखाला. पंख जमिनीवर ओढत तो तारेखालून निघून गेला. आम्ही बरंच शोधलं, तो सापडला नाही.  दाराशी आल्यावर अरबाब एवढंच म्हणाला, "मदाम, मारना है तो पूरा मारो. आधा मत मारो."

 आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्या रायफलच्या मागे लागले.

टिकली लावली आणि पाच छर्रे मारले. पाच छर्रे पाच दिशांना गेले. मी वाऱ्याला दोष दिला, दुर्बिणीला दिला, चिनी बनावटीला दिला. मग शांतपणे रायफल खोलून बघितली, तर लाकडी दस्त्याचे स्क्रू ढिले. या रायफलीत आत मोठी स्प्रिंग असते, ती सुटली की सगळं अंग हादरतं आणि स्क्रू हळूहळू सैल होत जातात. दुर्बिणीच्या पट्ट्यांचंही तेच. मी सगळे घट्ट केले आणि पुन्हा हलू नयेत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब सोडला. लाल.

"सासूबाईंना फोटो पाठवू का?" हे म्हणाले. "सुनेनं बंदूक नटवली म्हणून."

सासूबाई पुण्यात, धाकट्या दिरांकडे. माझ्या एनसीसीच्या गोष्टी निघाल्या की त्या म्हणत, "हो हो, आमच्या घरात फौज आहे. फक्त पोळ्या करायला कुणी नाही." फोनवर हे त्यांना रोज सांगत, येतोच आई, पासपोर्ट हातात आला की पहिल्या विमानानं.

स्क्रूंनंतर छर्रे. डबीतला एकेक छर्रा मी जेवणाच्या ताटात घरंगळू द्यायची. ज्याची कड चेपलेली असेल तो वाकडा पळतो, तो बाजूला. वेगवेगळ्या डब्या मारून पाहिल्यावर कळलं की या रायफलला गोल डोक्याचे, जरा जड छर्रेच मानवतात. नळीतून दोरीला बांधून मऊ कापडाची चिंधी ओढली, तर आतून काळं शिसं निघालं. एसीच्या खोलीतून एकदम उन्हात आणली की दुर्बिणीची काच धुरकटायची, म्हणून तिला आधी सावलीत तासभर ठेवायचं. आणि मारायचं ते भल्या सकाळी. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि टिकली पाण्यातल्यासारखी हलते.

एवढं करूनही पुठ्ठ्यावरच्या भोकांचा घोळका मुठीएवढाच राहिला. तिथं मी अडले ते माझ्या पदकापायी. कॉलेजात शिकवलं होतं, रायफल खांद्यात घट्ट दाबा, पकड सोडू नका. मी दात आवळून तिला धरायची. आणि ही स्प्रिंगवाली, आवळून धरली की दर वेळी वेगळीच उसळणार. एकदा दमून हात सैल पडला, रायफल नुसती तळव्यावर टेकलेली होती, तसाच चाप ओढला, तर टिकलीला भोक! मग तसंच करत गेले. तिला धरायचंच नाही, टेकू द्यायचा आणि तिची तिला उसळू द्यायची. महिन्याभरात पाचही छर्रे टिकलीत जाऊ लागले. हे तो पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बाईसाहेब, आता तुमच्याशी भांडायची सोय राहिली नाही."

त्यानंतर एकही कावळा अर्धा मेला नाही. थोडेच मारावे लागले. कावळ्यांना शिकवावं लागत नाही. आधी ते रायफल दिसली की उडायचे, मग मी दिसले की. शेवटी माझा डोक्याचा पांढरा रुमाल गोठ्याच्या दारात दिसला तरी अख्खं शेत ओरडून रिकामं व्हायचं. करडं सुखरूप वाढू लागली. मी आकाशाकडे बघून मालकिणीसारखी हसायची. मूर्ख बाई.

मग एका दुपारी पुण्याहून फोन आला. सासूबाई गेल्या, झोपेतच.

पासपोर्ट अजून आला नव्हता. अरबाबनं स्वतः चार ठिकाणी फोन लावले, "यल्ला, यल्ला", लवकर करा म्हणून ओरडला, पण काही झालं नाही. अग्नी धाकट्या दिरांनी दिला. हे पलंगावर बसून राहिले. रडले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "मी रोज येतो येतो म्हणत होतो गं."

पुण्यात दहाव्याचं सगळं होणारच होतं. तरी यांनी ठरवलं की इथंही पान ठेवायचं. "थोरला आहे मी. तिथं हात लागला नाही. इथं निदान कावळा शिवू दे."

मी भात केला, काळे तीळ घातले. केळीचं पान शेतातलंच. घाफच्या झाडाखाली यांनी ते मांडलं आणि मागे सरून हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या मागे. अरबाब खुर्ची घेऊन दूर बसला.

एकही कावळा आला नाही. तारेवर नाही, झाडावर नाही, लांबवर कुठं ओरडणंसुद्धा नाही. ऊन चढू लागलं. भाताच्या कडा सुकल्या. हे पुटपुटत होते, "धाकट्याला अंतर देणार नाही, आई... अस्थी घेऊन मी स्वतः नाशिकला जाईन..." एकेक इच्छा आठवून वचन देत होते आणि आकाश स्वच्छ. मीच स्वच्छ केलेलं. पुठ्ठ्याची दोरी अजून त्याच झाडाला लोंबत होती.

यांनी मागे वळून बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अरबाब उठून माझ्यापाशी आला आणि हळू म्हणाला, "मदाम, किस का इंतज़ार है?"

"कौवे का," मी म्हटलं. "उनकी माँ के लिए."

तो पानाकडे बघत राहिला, मग माझ्या रुमालाकडे. "कौवा तुमको पहचानता है. तुम जाओ. दूर जाओ."

मी गेले. पण बघितल्याशिवाय राहवेना. खोलीतून रायफल काढली आणि खजुराच्या कोठीमागे बसले. दुर्बिणीतून बघायचं म्हणजे रायफल यांच्या दिशेला रोखायची, त्या पानावर रोखायची. ते हातून होईना. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दुर्बिणीचे स्क्रू सोडवायला लागले. लाल पॉलिशचे टवके उडाले. एकदा दुर्बीण उतरवली की जमवलेला नेम गेला, पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. ती उतरवली, डोळ्याला लावली आणि रुमाल काढून मांडीखाली ठेवला.

हे दिसले. ओठ हलत होते. मग थांबले. थोड्या वेळानं पुन्हा काहीतरी बोलले, छोटंसं. आणि कुंपणावर एक कावळा येऊन बसला. मान वाकडी केली, खाली उतरला, दोन उड्या मारल्या आणि भातात चोच घातली. यांनी ओंजळ तोंडावर घेतली. मग मला नीट दिसेना. म्हटलं, काच धुरकटली असेल.

संध्याकाळी मी विचारलं, "शेवटी काय म्हणालात त्यांना?"

"म्हटलं, आई, हिला बंदूक ठेवायला सांगतो."

"त्यानं नाही आला तो! मी लपले म्हणून आला."

"असेल," हे म्हणाले, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. पुढे आम्ही शहरात, अल रीमला मुलाकडे राहायला आलो, नातवंडं झाली, तरी हा वाद मिटला नाही. धाकटी नात मला म्हणते, "आज्जी, क्रोज रिमेंबर फेसेस, दॅट्स सायन्स." तेच तर मी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी अरबाबला मी सांगितलं, "नेम खलास." त्यानं पुन्हा जमवायला सांगितलं नाही. गोठ्यावर बारीक जाळी बसवली. रायफल मी परत हातात घेतली नाही. ते कुणाच्या वचनामुळे, हे मला विचारू नका.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. दहाव्याला पुण्यात घाटावर सगळे जमलो होतो. पान मांडलं, मुलगा हात जोडून उभा राहिला. मी पार मागे, भिंतीच्या आडोशाला.

"आई, पुढे ये ना," तो म्हणाला. "तिथून काय दिसणार तुला?"

"दिसतंय," मी म्हटलं आणि पदर डोक्यावरून आणखी खाली ओढला.