मशीन घरात आली की…

घरोघरी ऑक्सिजनची मशीन बसवायचं माझं काम. परभणीहून बॅग उचलून निघालो की येताना एखादा किस्सा सोबत येतोच. आता पोतंभर झालेत!

*

पालमकडं एका आजोबांना मशीन दिली. डॉक्टरांनी सांगितलेलं, मिनिटाला दोन लिटर. चार दिवसांनी जाऊन बघतो तर पाच! जास्तीच्या ऑक्सिजननं आजोबा गुंगलेले. मी ओरडलोच, "कुणी वाढवलं?"

सूनबाई म्हणाली, "भाऊ, सासरे हायेत. दोनच कसं द्यावं?"

"ताई, ही काय पुरणपोळी हाय का, आग्रह करून वाढायला!"

दोनवर आणलं अन् तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. बिचारीचा जीव होता हो सासऱ्यावर.

*

येलदरीजवळच्या एका आजीला बघायला आलेला पाहुणा म्हणाला, "मला बी लाव की जरा, लय दम लागायलाय."

आजी नळी घट्ट धरून म्हणाली, "तू चहा घे!"

*

एक बाबा मशीन बंद करून बिडी ओढायचे. "बंदच हाय की!"

"बाबा, ऑक्सिजन कपड्यात, अंथरुणात मुरलेला असतो. पेटाल!"

बाबा ऐकेनात. शेवटी बायकोनं काडेपेटी कमरंला खोचली. "मागा आता!"

बाबांनी काय मागितली न्हाई.

*

भाऊबीजेला गंगाखेडला अण्णांकडं मशीनचा फिल्टर धुवायला गेलो होतो. अण्णांची फुप्फुसं पार निकामी, मशीन दिवसभर चालू. त्यांची बहीण, अक्का, सकाळच्या एसटीनं आलेली. ताट सजवून, निरांजन लावून ती दारातून आत यायला निघाली. मी आडवा आलो.

"अक्का, थांबा! नळीजवळ दिवा न्हाई चालत. भडका उडंल!"

अक्का खवळली. "चाळीस वर्षांत एकदा चुकलं न्हाई माझं. भावाच्या आयुष्यासाठी ओवाळायलेय मी, अन् तू मला अडवायलास?"

अण्णा म्हणाले, "तिचं मन नका मोडू. काढतो जरा वेळ." अन् नळी काढलीच! बघता बघता ओठ निळे पडले. मी धावत जाऊन नळी परत लावली.

अक्कानं ते ओठ बघितले. तशीच अंगणात गेली अन् फुंकर मारून निरांजन विझवलं. आमच्याकडं दिवा फुंकून विझवत न्हाईत, शेजारीण "अगं बाई!" म्हणून ओरडलीच.

निरांजन अंगणातच ठेवून अक्का आत आली. कुंकू लावलं, नुसत्या सुपारीनं ओवाळलं अन् भावाच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "दिवा विझला तर विझू दे. तू ऱ्हा!"