शेवटच्या बांधीचं पाणी

आमच्या शेताच्या खालच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेलं की मोबाइलला मेसेज येतो, छत्तीसगडमध्ये आपले स्वागत आहे म्हणून. दोन पावलं मागे आलं की महाराष्ट्रात स्वागत. धान निंदताना दिवसातून दहा वेळा माझं स्वागत होतं आणि एकदाही कुणी चहा विचारत नाही. मधे एक दगड आहे, गुडघ्याएवढा. कधीकाळी सरकारनं रोवलेला. बायका त्यावर विळा घासतात, गडीमाणसं बसून तंबाखू मळतात. मी लग्न होऊन या दगडाच्या पलीकडून अलीकडे आले. माहेर तिकडे, सासर इकडे, मधे चालत जायला फार तर अर्धा तास. मंगळसूत्र घातलं आणि राज्य बदललं.

पण तलाव एकच. सासरच्या जुन्या लोकांनी तो बांधला, तेव्हा ही राज्यं नव्हती. त्यांनी पाळ बांधली, पाळीखाली दगडी तुडूम ठेवला, म्हणजे पाणी सोडायची वाट. तिला पायऱ्यापायऱ्यांनी भोकं, आणि भोकांत लाकडी डट्टे. तुडुमातून निघालेला पाट आमच्या गावाच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भिजवत उतरतो, दगडाशेजारून पलीकडे जातो आणि माहेरच्या गावाच्या बांध्यांमध्ये संपतो. तिथली सगळ्यांत शेवटची बांधी माझ्या धाकट्या भावाची.

पाणी वाटतो तो पाणकर. आमच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या आलेलं. सासरे थकले तेव्हा पाळी माझ्या नवऱ्याची होती, पण तलाव बांधणाऱ्यांच्या घरात जन्मून त्याला कमरेच्या वर पाणी गेलं की घाम फुटतो. मी लहानपणापासून पोहणारी. सासऱ्यांनी चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी मला तुडुमावर नेलं. डट्टा कुठल्या पायरीचा, तो पायानं कसा चाचपायचा, दम किती धरायचा, सगळं शिकवलं. गावानं आधी नाकं मुरडली, मग सवय झाली. मेहनताना म्हणून पाणी घेणारं प्रत्येक घर कापणीला आपल्या बांधीतली धानाची एक पेंढी पाणकराच्या अंगणात आणून टाकतं. अलीकडचंही, पलीकडचंही. ती पेंढी दान नाही आणि मजुरीही नाही. ती टाकली म्हणजे पाणी हक्काचं होतं.

आणि वाटणीचा नियम एकच. पाणी कमी असेल त्या वर्षी शेवटच्या बांधीपासून सुरुवात करायची आणि वर वर यायचं. सासरे सांगायचे, वरच्याला आधी दिलं तर खालच्यासाठी पाट कोणी साफ ठेवत नाही. खालच्याला आधी द्यायचं म्हटलं की वरचे सगळे फावडी घेऊन धावतात. मला हे फार आवडलं होतं. माणसाच्या चांगुलपणावर भरवसा न ठेवता त्याला चांगलं वागायला लावणारा नियम आहे हा.

दोन वर्षांपूर्वी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो फिरकलाच नाही. तलाव अर्ध्यावर. लवकर येणारा हलका धान कसाबसा पिकून कापणीला आला, पण उशिराचा भारी धान गर्भावर होता, लोंबी अजून पोटातच, आणि त्याला एक पाणी हवंच होतं. त्यात मागल्या हंगामात एक प्रकरण घडलेलं. तिकडे धानाला भाव जास्त, म्हणून आमच्या गावातली दोन-तीन ट्रॅक्टरं गुपचूप तिकडे निघाली होती. नाक्यावर अडवली. तिकडच्या गावातल्याच कुणी खबर दिली, अशी इकडे बोलवा झाली. खरं-खोटं देव जाणे. पण राग मात्र खरा होता.

पाणी सोडायच्या आधी समाजमंदिरात बैठक भरली. माझा चुलत दीर उभा राहिला. माणूस वाईट नाही, पण अडवलेल्या ट्रॅक्टरांतलं एक त्याचं होतं.

"यंदा पानी दगडाच्या पलीकडे जानार नाई," तो म्हणाला. "भाव त्याहिचा त्याहिले, त मंग पानी आपलं आपल्याले."

लोक माना डोलावत होते. मी उठले.

"पाट दगडाजवळ बुजवसाल त पानी जाईन कुठी?" मी विचारलं. "वरच्या भारी धानाले पानी पाजलं का उरलेलं खालीच उतरते. तो पाट त्याहिले पानी देते, तसा आपलं उरलेलं पानी घेऊनबी जाते. कापलेल्या हलक्या धानाच्या कडपा वाळत पडून आहेत तिथं. बुडतीन."

"तिथं पयली बांधी कोनाची?" मागून कुणीतरी विचारलं.

"माही."

"आन्‌ पलीकडे शेवटची?"

"माह्या भावाची."

बस. हसण्याचा फवारा उडाला. चुलत दीर म्हणाला, "वहिनी, तुमी पानकरीन आहा का माहेरवाशीन, ते आधी ठरवा."

मी तापट आहे, हे मला माहीत आहे. त्या दिवशी हातात तांब्या असता तर फेकून मारला असता. आयुष्याची वीस वर्षं मी त्या गावासाठी गार पाण्यात उतरले, आणि एका हशात मी परकी झाले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते त्यांना दाखवायचं नव्हतं. मी म्हणाले, "बैठकीचा ठराव मी मोडनार नाई. तुडूम खोलीन. पन पाट ज्यानं बुजवला त्यानंच खोलावा. मी हात लावनार नाई, आज नाई आन्‌ उद्याबी नाई." आणि घरी निघून आले.

घरी नवरा समजूत घालायला लागला. "काठी मारल्यानं पानी तुटत नाई," म्हणाला.

"काठीनं नाई तुटत," मी म्हटलं, "पन मातीच्या बोऱ्यांनं तुंबते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दगडाशेजारी सिमेंटच्या रिकाम्या बोऱ्यांत माती भरून पाट बुजवला. मी तुडुमात उतरून दोन डट्टे काढले. पाणी निघालं आणि वरच्या भारी धानाकडे वळलं. दगडाजवळ चार जण पत्ते कुटत राखणीला बसले.

दुपारी भाऊ आला, मोटारसायकलवर, हातात धानाचं एक झाड उपटून आणलेलं. मुळाशी चिकटलेली माती वाळून भुगा झाली होती. त्यानं एक गर्भ सोलून दाखवला. आतले दाणे पांढरे, कोवळे. दोन दिवसांत पाणी मिळालं नाही तर ते पोकळच राहणार. अशा पोकळ दाण्याला आमच्या सासरी पोचट म्हणतात, माहेरी बदरा.

माहेरच्या बोलीत तो म्हणाला, "दीदी, रात के दू-चार बोरी हटा दे. कोनो नई जानय."

कुणाला कळणार नाही, हे खरं होतं. पत्तेवाले संध्याकाळी जेवायला जाणार होते. बोऱ्या मला एकटीला उचलण्यासारख्या होत्या. आणि हा तोच भाऊ, ज्याला मी काखेत घेऊन शेताच्या धुऱ्यावरून फिरवलं होतं.

"मैं तो जानहूं," मी म्हणाले.

मग मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. आज चोरून पाणी दिलं तर पुढच्या वर्षीही चोरूनच द्यावं लागेल, त्याच्या पुढच्याही. एकदा रात्री दिलं की दिवसा मागायचा तुझा हक्क गेला. मग गावाचं म्हणणंच खरं ठरेल, की ते पाणी तुमचं नव्हतंच. शिवाय तुझीच बांधी भिजेल, बाकीच्या तुझ्या गावाचं काय? मी बरंच बोलले. तो शेतकरी माणूस, हातात वाळतं झाड घेऊन उभा, त्याला माझं शहाणपण काय करायचं होतं? त्यानं ते झाड माझ्या पायाशी ठेवलं आणि गाडीला किक मारली. चहा तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं होतं तेच झालं. वरच्या काही बांध्या पिऊन तृप्त झाल्या, काही अजून पीत होत्या म्हणून तुडूम मिटता येईना, आणि उरलेलं पाणी पाटानं खाली आलं, बोऱ्यांना अडलं, मागे फिरलं आणि आधी माझ्या बांधीत शिरलं. तिथं आमचा हलका धान कापून कडपा वाळत घातलेल्या. मी आणि नवरा सकाळपासून पाण्यातून कडपा उचलून धुऱ्यावर टाकत होतो. अर्ध्या निघाल्या, अर्ध्या भिजल्या. धुऱ्यापासून दहा पावलांवर त्या बोऱ्या होत्या. नवरा दोनदा तिकडे बघून माझ्याकडे बघायचा. तिसऱ्यांदा म्हणाला, "आपलंच धान आहे, आपनच पानी काढू. कोन काय म्हननार?"

"म्हनतीन, भावासाठी काढलं."

हा माणूस पाण्याला भितो, पण माझ्या हट्टाला भीत नाही, हे त्याचं मोठेपण. तो वाकून पुढची कडप उचलू लागला.

पत्ते खेळणारे आमच्याकडे बघत होते. एकानंही पाय भिजवला नाही. पण संध्याकाळपर्यंत पाणी माझी बांधी ओलांडून वरच्या बांधीत चढलं, आणि ती होती चुलत दिराची. त्याच्या कडपा माझ्यापेक्षा दुप्पट. आता मात्र पत्ते बंद झाले.

चौथ्या दिवशी सकाळी तो आमच्या अंगणात उभा. चिखल मांड्यांपर्यंत.

"वहिनी, पानी काढा. धान सडून राहिलं माहं."

"माहंबी सडलं. काल दिवसभर."

"मंग काऊन नाई काढलं?"

"मी पानकरीन आहो का माहेरवाशीन, ते ठरलं नाई ना अजून."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं, या क्षणी फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्याच्या हातात चिखलानं माखलेल्या लोंब्या होत्या, आणि चिखलात गेलेली लोंबी कुणाचीही असो, बघवत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण मी माघार घेतली नाही. मी सांगितलं, बोऱ्या तुम्हीच काढाल. आणि नुसतं आपल्याच लोकांत नाही, पलीकडच्या गावाला बोलावून, त्यांच्यासमोर. तो चिडला, पाय आपटत गेला. फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच त्यानं मोबाइल काढून तिकडच्या सरपंचाला फोन लावला. आपल्या बोलीत जमेना, म्हणून हिंदीत बोलला.

दहा वाजता दगडाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहिली. माझा भाऊही होता, सगळ्यांच्या मागे. चुलत दिरानं पाटात उतरून पहिली बोरी उचलली. दुसऱ्या बोरीला पलीकडचा एक म्हातारा खाली उतरला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. कुणी भाषण केलं नाही. ट्रॅक्टरचा विषयही कुणी काढला नाही. बोऱ्या निघाल्या तसं पाणी एकदम पलीकडे धावलं, आणि तिकडची माणसं फावडी घेऊन त्याच्यामागे धावली, कारण त्यांना ते शेवटच्या बांधीपर्यंत न्यायचं होतं. नियम त्यांनाही पाठ होता.

मी भावाला हाक मारली. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

त्या संध्याकाळी बैठक पुन्हा भरली. मी म्हटलं, पुढच्या वर्षापासून बैठक दगडाजवळ भरेल, दोन्ही गावांची, आणि पाट उपसायलाही दोन्ही गावं येतील. नाहीतर दुसरा पाणकर बघा. हसलं कुणी नाही. एकानं एवढंच विचारलं, बैठकीच्या चहाचं कोण बघणार. मी म्हटलं, तूच.

दिवाळी आली. भाऊबीजेला मी पाट मांडला, ताट वाढलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. नवऱ्यानं फोन लावून बघतो म्हटलं, मी नको म्हटलं. आदल्या आठवड्यात भावाच्या शेतावरून माहेरची एक बाई आली होती. ती सांगत होती, बाकीच्यांचा धान सावरला, पण पाणी शेवटच्या बांधीत पोचायला आणखी एक दिवस लागला, तिथला अर्धा गेला. मी त्या रात्रीच दोन बोऱ्या हलवल्या असत्या तर तो धान वाचला असता. हे मी तेव्हाही जाणत होते आणि आजही जाणते. बरोबर वागले असं माझं मत आहे, पण त्या मताला किंमत माझ्या भावानं दिली.

कापणी संपली आणि पेंढ्या यायला लागल्या. गावातल्या आल्या. चुलत दिरानं स्वतः आणली, कधी नव्हे ती दोन हातांनी ठेवली. पलीकडच्याही आल्या, एकेक करून, सायकलवर, डोक्यावर. अंगणाच्या कोपऱ्यात ढीग झाला. मी रोज सकाळी झाडताना त्या ढिगाकडे बघायची. सगळ्या घरांच्या आल्या, एक सोडून.

मग एका सकाळी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. भाऊ फाटकातून आत आला, काखेत पेंढी. माझ्याकडे न बघता सरळ ढिगापाशी गेला आणि ती वर ठेवली. इतर पेंढ्यांच्या लोंब्या भारानं वाकलेल्या होत्या, हिच्या ताठ उभ्या होत्या. मी जवळ जाऊन एक लोंबी हातावर चोळली. नुसता कोंडा उडाला.

"बदरा हे," तो म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पर हक के हे."

मी चहा ठेवायला आत गेले. तो ओट्यावर बसला.